लेबल न लावता प्रोटीन कसं 'दिसायला' लागलं

चिपवर एक प्रोटीन चिकटवायचं, वरून दुसऱ्याचं सोल्युशन सोडायचं आणि दोन्ही जोडली जाताना स्क्रीनवर रेषा चढते ती बघत बसायचं (या रीतीला सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात, यात प्रोटीनला ओळखीची खूण, म्हणजे लेबल, लावावं लागत नाही), लॅबमधे हे आता इतकं रोजचं झालंय की याची सुरुवात प्रोटीनशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाने केली हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

1902 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड धातूच्या ग्रेटिंगवर (बारीक समांतर रेघा कोरलेल्या पृष्ठभागावर) प्रकाश टाकत होता, तर स्पेक्ट्रममधे एका ठिकाणी उजेड धाडकन कमी व्हायचा, तोही सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमधे असतं जेमतेम तेवढ्या अंतरात! (हा तोच वुड, ज्याने दोनच वर्षांनी फ्रान्समधल्या एन-रेज नावाच्या, मुळात नसलेल्याच किरणांचं पितळ उघडं पाडलं, म्हणजे नजर पक्की होती.) कारण मात्र त्यालाही सापडलं नाही. 1941 मधे उगो फानोने ते धातूच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लाटेशी (हाच तो सरफेस प्लाझ्मॉन) जोडलं आणि 1968 मधे ओटोने, शिवाय क्रेचमन-रेदर जोडीने, प्रिझम वापरून ही लाट उठवायची सोपी रीत दाखवली.

आता खरी गंमत. ही लाट धातूच्या बाहेर फारतर दोन-तीनशे नॅनोमीटर पोचते, त्यामुळे पृष्ठभागाला जे चिकटेल त्याने तिथला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) बदलतो, परत येणारा उजेड ज्या कोनावर कमी होतो तो कोन सरकतो, आणि वर लांब तरंगणारं काही जवळपास जाणवतच नाही. 1983 मधे स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या लिडबर्ग, नायलँडर, लुंडस्ट्रॉम यांनी अँटिबॉडी चिकटताना हे पकडून दाखवलं. त्याआधी रेडिओअॅक्टिव्ह नाहीतर एन्झाइमचं लेबल लावा, धुवा, शेवटी एकदाच मोजा असा कारभार, त्यात प्रोटीन किती वेगाने जोडलं नि किती वेगाने सुटलं ते कळणार कसं?

1990 ला याच तत्त्वावर चालणारं बायाकोर मशीन बाजारात आलं. सगळे ऑप्टिक्सचं कौतुक करतात, पण माझ्या मते निम्मं श्रेय चिपच्या सोन्यावर दिलेल्या डेक्सट्रानच्या (साखरेच्या लांब साखळ्यांच्या) थराला, नुसत्या धातूवर प्रोटीन कसंही चिकटतं आणि बिघडतं.

लेबलशिवाय प्रोटीन बघायची दुसरी वाट फोटॉनिक क्रिस्टलची, म्हणजे ठरावीक रंगाचा प्रकाश अडवणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या बारीक रचनेची; ही कल्पना 1987 ची, याब्लोनोविच आणि जॉन यांची. पुढे ब्रायन कनिंगहॅमच्या टीमने प्लॅस्टिकवर तरंगलांबीपेक्षा बारीक खाचा साच्याने उठवल्या, त्यावर जास्त इंडेक्सचा थर दिला, की त्यावरून ठळकपणे एकच रंग परावर्तित होतो आणि प्रोटीन बसलं की तो लालकडे किंचित सरकतो. प्रिझम नाही, सोनं नाही, लॅबमधल्या खळग्यांच्या प्लेटच्या तळाशीच बसतं. म्हणजे फिरून पुन्हा ग्रेटिंगच, आणि स्पेक्ट्रममधे काय कुठे सरकलं एवढंच बघायचं.