पोट साफ होत नाही? चूर्ण मागण्याआधी हे वाचा

रोज सकाळी शौचाला झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. कुणाला दिवसातून तीनदा होते, कुणाला एक दिवसाआड, दोन्ही ठीक. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, खडे पडत असतील, कुंथावे लागत असेल किंवा उठल्यावरही पोट मोकळे वाटत नसेल, तर ते बद्धकोष्ठ. हे आधी सांगायचे कारण असे, की एक दिवस चुकला म्हणून जुलाबाचे औषध घेणारे पुष्कळ असतात. त्या औषधाने आतडे पार रिकामे होते आणि पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. तेवढे दिवस शौचाला होणारच नसते, पण माणूस घाबरून दुसरा डोस घेतो.

खडा का होतो

मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते. मळ तिथे जितका जास्त रेंगाळेल तितका कोरडा होतो. जेवणात चोथा (फायबर) कमी, पाणी कमी, हालचाल कमी ही कारणे सगळ्यांना ठाऊक असतात. आलेली कळ दाबून धरणे हे मात्र कुणी मोजत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांत शिफ्टमध्ये मशीन सोडता येत नाही, शाळेतला संडास मुलांना नको वाटतो. असे वारंवार झाले की गुदाशयाला भरलेपणाची सवय होते आणि कळच येईनाशी होते.

दुसरे दुर्लक्षित कारण म्हणजे चालू असलेली औषधे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधे, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके, रक्तदाबावरची व्हेरापामिल, नैराश्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या काही गोळ्या. यांनी त्रास होत असेल तर परस्पर बंद करू नका. डॉक्टरांकडून पर्याय किंवा डोस बदलून घेता येतो.

ताटात काय

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो. बाजरी, ज्वारी, नागली, कोंड्यासकट गहू यांच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ते 11 ग्रॅम असतो, पांढऱ्या तांदळात 3 च्या आसपास आणि साबुदाण्यात जवळपास नाहीच. उपवासानंतर पोट साफ होत नाही ते यामुळे. पेठ-सुरगाण्याकडची नागली नाशिकमध्ये सहज मिळते. तिची एक भाकरी रोज घ्या. मिसळीतली मटकी चांगली, पण चार पाव खाल्ले तर हिशेब बिघडतो. पेरू बियांसकट खा. मनुका 10-15 रात्री भिजवून सकाळी पाण्यासह खाता येतात. मधुमेह असेल तर पेरूच बरा. चोथा एकदम वाढवला की पोट फुगते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि सोबत पाणीही वाढवा. किडनीच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी मात्र पाणी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे.

बसायची वेळ आणि पद्धत

खाल्ल्यावर मोठे आतडे आपोआप हलते आणि ही हालचाल सकाळी सर्वांत जोरात असते. न्याहारीनंतर 15 ते 30 मिनिटांत, कळ असो-नसो, रोज त्याच वेळी बसा. दहा मिनिटांत झाले नाही तर उठा. मोबाइल बाहेर ठेवा. रेंगाळत बसण्याने मूळव्याध वाढते. उकिडवे बसल्यावर गुदमार्गाचा वाक सरळ होतो. कमोड असेल तर पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंच पाट घ्या, किंचित पुढे वाका, कोपरे गुडघ्यांवर टेका, श्वास रोखू नका.

इसबगोल: बहुतेकांचे इथेच चुकते

मोठ्या माणसांनी एक ते दोन चहाचे चमचे भुसा 250 मिली पाण्यात घालून ढवळावा आणि लगेच प्यावा. पाच मिनिटे ठेवला तर घट्ट गर होतो आणि घशाखाली उतरत नाही. त्यावर आणखी एक ग्लास पाणी प्या. कोरडा कधीच फाकू नका. घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. झोपायला जाताना घेऊ नका. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर घेऊच नये. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा. परिणाम यायला 12 ते 72 तास लागतात. ‘काल घेतला, आज काहीच नाही’ म्हणून डोस दुप्पट करू नका.

त्याने भागले नाही तर पाणी धरून ठेवणारी औषधे: पॉलिएथिलिन ग्लायकॉल 17 ग्रॅम ग्लासभर पाण्यात, किंवा लॅक्ट्युलोज 15 ते 30 मिली. दोन्हींना एक ते तीन दिवस लागतात. लॅक्ट्युलोजने गॅस होतो.

बिसाकोडिल आणि सोनामुखी ही आतड्याला चाळवणारी औषधे. रात्री घेतली की 6 ते 12 तासांत काम करतात, पेटके येऊ शकतात. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ‘आयुर्वेदिक’ लिहिले म्हणून वर्षानुवर्षे रोज घ्यायचे औषध ते नाही. डबीवरचे घटक वाचा. बिसाकोडिल दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतले तर गोळीचे आवरण पोटातच विरघळते आणि मळमळते. गरोदरपणी एरंडेल नको.

घरातले ज्येष्ठ आणि मुले

अंथरुणावरच्या आजी-आजोबांना कित्येक दिवस नीट झाले नाही आणि मग अचानक पातळ गळू लागले, तर जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. बऱ्याचदा आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. तपासणी करून तो काढावा लागतो.

मुलांमध्ये दूध फार आणि जेवण कमी हे नेहमीचे चित्र. एकदा दुखले की मूल धरून ठेवते, मग आणखी कडक होते. रागावू नका, आणि मोठ्यांचे रेचक अर्धे करून देऊ नका.

थेट डॉक्टरांकडे कधी

मळातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल असेल तर तपासणी करून घ्या. पोट फुगले, उलट्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी कुठलेही रेचक न घेता ताबडतोब रुग्णालय गाठा.

दुकानात औषध घ्यायला येताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा, रिकाम्या असल्या तरी.