शालोश, शालोम आणि बाबेलचा मनोरा

हिब्रूत सहाला 'शेश' म्हणतात, संस्कृतात 'षष्'. सातला हिब्रूत 'शेवा', संस्कृतात 'सप्त'. एवढ्या दोन जोड्यांच्या जोरावर जगातल्या सगळ्या भाषा एकाच ठिकाणी फुटल्या असं सांगणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. कुणाच्या मते ते ठिकाण बाबेलचा मनोरा, कुणाच्या मते आर्यावर्त. पुरावा मात्र दोघांचाही हाच.

बाबेलची कथा बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात आहे. प्रलयानंतर सगळी माणसं एकच भाषा बोलत. शिनारच्या मैदानात (आजच्या दक्षिण इराकमध्ये) त्यांनी दगडाऐवजी भाजक्या विटा आणि चुन्याऐवजी डांबर वापरून आभाळाला भिडणारा मनोरा बांधायला घेतला. देवाने त्यांच्या भाषेचा घोटाळा केला आणि ती पृथ्वीभर पांगली. यातला बांधकामाचा तपशील अस्सल इराकी आहे. इराकच्या दक्षिणेकडच्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही, डांबर मात्र फरात (युफ्रेटिस) नदीकाठी हीत गावाजवळ झऱ्यांतून वर येतं. बाबेल म्हणजेच बॅबिलॉन; तिथल्या एतेमेनांकी या पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्याचा चौरस पाया जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांच्या उत्खननात सापडला; त्याची एक बाजू सुमारे 91 मीटर भरते.

घोडं अडतं ते काळापाशी. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून प्रलय इ.स.पू. 2348 मध्ये बसवला. म्हणजे भाषा फुटल्या त्या त्यानंतर. पण सीरियातल्या एब्ला इथे सापडलेल्या इ.स.पू. 2400 ते 2300च्या सुमारासच्या मातीच्या पाट्यांवर चक्क दोन भाषांचे शब्दकोश आहेत: दक्षिण इराकच्या सुमेरियन भाषेतला शब्द आणि त्याचा एब्लाइट, म्हणजे एब्लाच्या स्थानिक भाषेतला, अर्थ. या दोन भाषांचं एकमेकींशी काडीचंही नातं नाही. भाषा फुटण्याआधीच अनुवादक कामाला लागले होते, असं म्हणावं लागेल!

लोकांच्या वंशवृक्षाचंही तसंच. 'उत्पत्ती'च्या 10व्या अध्यायात प्रलयातून वाचलेल्या नोहाच्या शेम, हाम आणि याफेथ या तीन मुलांपासून सारी राष्ट्रं निघतात. त्यावरूनच 1781 साली जर्मन इतिहासकार श्लोत्सर यांनी शेमच्या नावावरून हिब्रूच्या कुळाला 'सेमिटिक' हे नाव दिलं. गंमत अशी की त्या यादीत कनान हा हामचा मुलगा आहे, पण कनानी लोकांची भाषा हिब्रूची अगदी सख्खी बहीण. एलाम शेमचा मुलगा, पण एलामी भाषा सेमिटिक नाहीच. त्या काळी कोण कुणाचा मित्र, कोण शत्रू, कोण कुणाच्या अमलाखाली, याचा तो नकाशा दिसतो. पुढे युरोपीय अंमलदारांनी 'हॅमिटिक', म्हणजे हामच्या, वंशाची कल्पना रवांडात नेऊन तिथल्या तुत्सी समाजाला वरचढ ठरवलं, त्याची किंमत तिथल्या लोकांनी मोजली.

आता खरी मजेची गोष्ट. हिब्रू हीच आदिभाषा, अशी समजूत ख्रिस्ती आणि यहुदी विद्वानांत शतकानुशतकं होती. ती खोडायला फार काही लागत नाही, फक्त हिब्रूतला 'श' पुरतो.

अरबी आणि अरामी या हिब्रूच्याच सेमिटिक कुळातल्या भाषा; त्यांचे शब्द शेजारी ठेवू. तीन: हिब्रू 'शालोश', अरबी 'थलाथा', अरामी 'त्लाता'. आठ: 'शमोने', 'थमानिया', 'त्मान्या'. बैल: 'शोर', 'थौर', 'तोरा'. बर्फ: 'शेलेग', 'थल्ज', 'तल्गा'. (हा 'थ' इंग्रजी 'थ्री'मधला, जिभेचं टोक दातांना लावून काढलेला.) हिब्रूत श असेल तिथे अरबीत थ, अरामीत त. नियम सापडला?

थांबा. शांती: 'शालोम', 'सलाम', 'श्लामा'. जीभ: 'लाशोन', 'लिसान', 'लिशाना'. डोकं: 'रोश', 'रास', 'रेशा'. इथे त्याच हिब्रू 'श'समोर अरबीत स आणि अरामीत श.

हिब्रू ही आई मानली, तर तिच्या एकाच 'श'चे अरबीत दोन तुकडे झाले असं होईल. ध्वनी असा तुटूही शकतो, पण त्याला निमित्त लागतं: पुढचा स्वर, मागचं व्यंजन, शब्दातली जागा. 'शालोश' आणि 'शालोम' शेजारी ठेवून पाहा. सुरुवात तीच, स्वर तेच. तरी एकाचा झाला 'थलाथा', दुसऱ्याचा 'सलाम'. निमित्त कुठेच नाही. म्हणजे मुळात ध्वनी दोन होते आणि हिब्रूत ते मिसळून एक झाले. मिसळलेले ध्वनी पुन्हा वेगळे करता येत नाहीत, कारण कोणत्या शब्दात कोणता होता याची नोंद बोलणाऱ्याच्या डोक्यात उरलेली नसते. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमधल्या पाट्यांवर, इ.स.पू. 14व्या-13व्या शतकात, या दोन ध्वनींना दोन वेगळी अक्षरं आहेत. अरबीही आई नव्हे; हिब्रूने वेगळे ठेवलेले दुसरे दोन ध्वनी तिच्या 'स'मध्ये एक झाले आहेत. आई वेगळीच, आणि ती लेखी उरलेली नाही.

'शेश'चाही निकाल इथेच लागतो. अरबीत एक षष्ठांशाला 'सुदुस' म्हणतात, इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये सहा म्हणजे 'सिद्दिस्त'. मधला द हिब्रूने गिळला. तिकडे 'षष्'चे भाऊबंद लॅटिन 'सेक्स' आणि प्राचीन इराणच्या अवेस्ती भाषेतला 'ख्श्वश'. त्यात क-ख आहे. जितकं मागे जावं तितके हे दोन शब्द दूर जातात. सख्खे असते तर जवळ आले असते.

संस्कृतला जगाची जननी म्हणणाऱ्यांनाही हीच कसोटी. 'कृ'चं परोक्ष भूतकाळातलं रूप 'चकार'. द्वित्व करताना, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा घेताना, पहिल्या क-चा च होतो, हे पाणिनीने 'कुहोश्चुः' या सूत्रात टिपलं आहे. पण का होतो? मूळ रूप साधारण 'केकोर' असं होतं. ज्या क-ला ए जोडलेला होता तो तालव्य होऊन च झाला, ज्याला ओ जोडलेला होता तो तसाच राहिला, आणि मग ए आणि ओ दोन्ही अ-आत मिसळले. ग्रीक आणि लॅटिनने ते स्वर वेगळे जपले. संस्कृत ही त्यांची आई असती तर हे गेलेले स्वर त्यांना कुठून मिळाले असते?

भाषांप्रमाणे धर्मांचंही मूळ एकच, असा दावा होतो; पण धर्मांना असा नियम लावता येत नाही. मूळ धर्म एकेश्वरी होता आणि पुढे तो बिघडला, असं विल्हेल्म श्मिट या कॅथलिक मानववंशशास्त्रज्ञाने 1912 पासून खंडच्या खंड लिहून मांडलं. पण कथा आणि देव उसने घेतले जातात, तेही सहज. जॉर्ज स्मिथ यांनी 1872 साली ब्रिटिश म्युझियममधल्या निनवेच्या पाट्यांवर प्रलयाची कथा वाचली. त्यातही नोहाच्या कथेसारखी नौका जमिनीला टेकल्यावर पक्षी सोडतात. तिची बॅबिलॉनी रूपं हिब्रू बायबलपेक्षा कितीतरी जुनी आहेत.

मग एकच आदिभाषा होती की नव्हती? ध्वनींचे नियम जुळवण्याच्या या पद्धतीची धाव फार तर आठ-दहा हजार वर्षांपर्यंत. त्यापलीकडे शब्द इतके बदलतात, गळतात की खरं साम्य आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत. माणसाचं बोलणं त्याहून कैकपटींनी जुनं. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने तर 1866 साली नियमावलीतच लिहून टाकलं होतं की भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारले जाणार नाहीत, आणि नवी विश्वभाषा घडवण्याचे प्रस्तावही.