करून दाखवणारा व्हिडिओ आणि करताना काढलेला व्हिडिओ: पीटीच्या तासाला दोन्ही लागतात, पण एकाच वेळी नाही

"आम्ही पीटीच्या तासाला व्हिडिओ वापरतो" असं आता बरेच क्रीडाशिक्षक सांगतात, आणि चांगलंच आहे ते, पण पुढे विचारलं की नेमका कसला व्हिडिओ, तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एक म्हणजे यूट्यूबवरचा किंवा सरांनी-मॅडमनी स्वतः बनवलेला, ज्यात कुणीतरी ते कौशल्य नीट करून दाखवतंय, त्याला आपण डेमो म्हणू. दुसरा म्हणजे मुलगी किंवा मुलगा मैदानावर स्वतः करत असताना त्याचाच काढलेला आणि थोड्या वेळात त्यालाच दाखवलेला, तो फीडबॅकचा. मोबाईल तोच, मैदान तेच, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण डेमोमधून मुलाला कळतं की काय करायचंय, आणि फीडबॅकमधून कळतं की आपण आत्ता काय केलं, आणि या दोघांची अदलाबदल झाली की तास वाया जातो, मुलं कंटाळतात, आणि मग स्टाफरूममध्ये बोललं जातं की मोबाईलचा खेळात काही उपयोग नाही.

ही गल्लत वाढली २०२०-२१ मध्ये. शाळा बंद होत्या, मैदान नव्हतं, शिक्षकांनी ग्रुपवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवायचे आणि मुलांनी घरी करायचे. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता, आणि ज्यांनी तेवढं केलं त्यांचं कौतुकच आहे. पण शाळा उघडल्यावरही सवय तीच राहिली, व्हिडिओ म्हणजे वर्गात टीव्हीवर लावायचा आणि मुलांनी बाकावर बसून बघायचा. खरं तर त्याच काळात काही मुलं घरून आपले सूर्यनमस्काराचे व्हिडिओ सरांना पाठवत होती, आणि फीडबॅकची सुरुवात तिथेच झाली होती. "कोपर शरीराजवळ ठेव" एवढं एक वाक्य जरी परत गेलं असेल तरी त्या मुलाला शंभर डेमोंपेक्षा जास्त मिळालं असं माझं ठाम मत आहे.

आधी डेमोचं बघू. बघून शिकणं यावर अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने जे मांडलं ते क्रीडाशिक्षकाला फार कामाचं आहे. बघणाऱ्याचं लक्ष नेमक्या जागी जायला हवं, बघितलेलं लक्षात राहायला हवं, ते शरीराने करता यायला हवं, आणि करावंसं वाटायला हवं. यातली एक जरी पायरी तुटली तरी डेमो नुसता बघायचा कार्यक्रम होतो. बहुतेक वेळा पहिलीच तुटते, कारण आठ मिनिटांच्या व्हिडिओत सहावीच्या मुलाने नेमकं बघायचं कुठे? दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा, दोनदा-तीनदा, आणि लावायच्या आधी "फक्त शेवटच्या तीन पावलांकडे बघा" इतकी स्पष्ट सूचना, बास.

आणि डेमो कुणाचा, हा तर त्याहून मोठा प्रश्न. लांब उडी शिकवायची म्हणून आपण माईक पॉवेलची १९९१ ची टोकियोमधली ८.९५ मीटरची विश्वविक्रमी उडी लावतो, मुलं थक्क होतात, ते व्हायलाच हवं, पण त्या पातळीचे खेळाडू हवेत पाय चालवल्यासारखे जे फिरवतात ते साडेतीन-चार मीटर उडी मारणाऱ्या मुलाने करायला गेलं तर तेवढा वेळ तो हवेतच नसतो, पाय फिरवता फिरवता तो वाळूत येतो आणि टाचांऐवजी कसाही पडतो. नीरज चोप्राच्या भाल्याचंही तसंच. तो फेकल्यावर पुढे हातांवर पडतो ते त्याच्या प्रचंड वेगाचं आणि ब्लॉकचं, म्हणजे पुढचा पाय ताठ रोवून एकदम थांबण्याचं, फळ आहे, पण व्हिडिओ बघून मुलं आधी तेच उचलतात, भाला गेला जेमतेम चार हात लांब आणि पोरगं मातीत लोळतंय. दिसायला सर्वात ठळक जे, तेच डोळ्यात भरतं, आणि ते नेमकं शिकायचं असतं असं नाही. म्हणून प्रेरणेसाठी मोठे खेळाडू दाखवा, जरूर दाखवा, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या आपल्या महाराष्ट्राच्या दोन कर्णधारांनी दोन्ही संघांना जिंकून दिलं ते तर प्रत्येक शाळेत दाखवलं पाहिजे. पण तंत्र शिकवायचा डेमो मात्र आपल्याच शाळेतल्या वरच्या वर्गातल्या, बऱ्यापैकी जमणाऱ्या मुलीचा घ्या. मुलांना ते आपल्या आवाक्यातलं वाटतं.

डेमोची अजून एक अडचण जी लेझीमच्या वेळी हमखास येते. व्हिडिओ समोरून काढलेला असतो, मग करून दाखवणाऱ्याचा उजवा पाय मुलांना स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतो आणि पहिल्या चार मोजणीतच अर्धी रांग उलटी फिरते. लेझीम, कवायत, योगासनं यांचा डेमो पाठीमागून शूट केलेला हवा, म्हणजे त्याचा उजवा तो मुलांचाही उजवा.

आता फीडबॅक. इथे आधी एक गैरसमज काढू. मुलाला त्याचा स्वतःचा व्हिडिओ दाखवला की त्याला आपोआप चूक कळते असं आपण धरून चालतो. कळत नाही. कर्नोडल आणि कार्ल्टन यांनी १९९२ मध्ये लोकांना सवय नसलेल्या हाताने चेंडू फेकायला शिकवून हे तपासलं होतं, आणि नुसता स्वतःचा व्हिडिओ बघणाऱ्यांपेक्षा व्हिडिओबरोबर "इथे बघ" किंवा "पुढच्या वेळी हे कर" असं सांगितलं गेलेले खूपच चांगले शिकले. नवशिक्याचं लक्ष आपल्या केसांकडे, शर्टाकडे, मागे हसणाऱ्या मित्राकडे जातं, आणि तो काही त्याचा दोष नाही, त्याला बघायचं काय ते अजून माहीतच नाही. म्हणजे फीडबॅकच्या व्हिडिओलाही शिक्षकाचं एक वाक्य लागतंच, आणि एकच वाक्य, पाच नाही.

गोळाफेक घ्या. मुलं गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकतात, कोपर खाली आणि गोळा मानेपासून सुटलेला, त्याने खांदा-कोपर दुखावतो. सर ओरडून सांगतात "कोपर वर", मुलगा म्हणतो "वरच होतं सर", आणि तो खोटं बोलत नाही, त्याला तसंच जाणवलेलं असतं. हा वाद मोबाईल दहा सेकंदात मिटवतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींमध्ये तर हे सर्रास चालतं, सकाळी मैदानावर एक जण फेकतो, दुसरा शूट करतो, तिसरा झूम करून बघतो. शाळांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पण क्रम महत्त्वाचा. व्हिडिओ दाखवायच्या आधी मुलाला विचारा, "तुला काय वाटतं, कोपर कुठे होतं?" त्याने अंदाज सांगितला, मग व्हिडिओ बघितला, की त्याच्या आतली जाणीव आणि बाहेरचं खरं यांची गाठ पडते, आणि हेच तर शिकणं आहे. लगेच स्क्रीन पुढे केली तर तो अंदाजच करत नाही. आणि प्रत्येक फेकीनंतर तर मुळीच दाखवू नका. १९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी हा धोका नीट मांडला होता, की सतत बाहेरून माहिती मिळत राहिली तर सराव चालू असताना कामगिरी छान दिसते पण ती माहिती काढून घेतली की घसरते, कारण माणूस तिच्यावर टेकून राहिलेला असतो. स्पर्धेत कुणी मोबाईल दाखवायला येणार नाहीये. माझ्या मते चार-पाच प्रयत्नांनंतर एक व्हिडिओ पुरे, आणि जसं जमायला लागेल तसं तेही कमी.

डेमोला असा धोका फारसा नसतो, तो सुरुवातीला लागतो आणि मग आपोआप मागे पडतो. फिट्स आणि पॉस्नर यांनी १९६७ मध्ये शिकण्याचे जे तीन टप्पे सांगितले, आधी डोक्याने समजून घेणं, मग करत करत चुका कमी करणं, आणि शेवटी विचार न करता होणं, त्यात डेमो मुख्यतः पहिल्या टप्प्याचा आणि फीडबॅक दुसऱ्याचा. पहिल्याच दिवशी मुलीला तिची फसलेली उडी दाखवली तर तिला फक्त लाज वाटेल, आणि तीन आठवडे सराव झाल्यावर परत तोच डेमो लावला तर ती म्हणेल हे तर येतं मला.

शूट करतानाचं थोडं तांत्रिक, कारण इथे बरेच जण अडकतात. साधा मोबाईल व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. मुलगा सेकंदाला ६ मीटर वेगाने धावत आला तर दोन चित्रांमध्ये तो २० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, आणि उडी घेताना पाय फळीवर साधारण ०.१२ सेकंद टेकतो, म्हणजे जेमतेम तीन-चार चित्रं. त्यात पाय फळीच्या पुढे गेला की नाही ते कळायची खात्रीच नाही. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन २४० चित्रांचं असतं, तेव्हा तोच पाय अठ्ठावीस-एकोणतीस चित्रांत दिसतो आणि दोन चित्रांतलं अंतर अडीच सेंटीमीटरवर येतं. स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो, आपल्या मैदानावर त्याची कमतरता नाही. उलट उन्हात स्क्रीनच दिसत नाही, म्हणून बघायचं ते झाडाखाली किंवा व्हरांड्यात. कॅमेरा उडीच्या दिशेला काटकोनात, कमरेच्या उंचीवर, आणि हलवायचा नाही. डेमो दोन-तीन बाजूंनी काढलेला चांगला, पण फीडबॅक दर वेळी त्याच जागेवरून काढा, नाहीतर मागच्या आठवड्याशी तुलना कशी करणार? संगणक असेल तर किनोव्हिया नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात चित्रावर कोन आणि रेषा काढता येतात, पण सुरुवातीला फोनची गॅलरी पुरते.

खो-खोत कॅमेऱ्याची जागा वेगळी. खो मिळाल्यावर उठताना बरोबर दिशा घेतली की खांदा उलटा वळला हे बाजूने शूट केलं तर बसलेल्यांच्या आड जातं, म्हणून खांबाच्या मागे बाकावर उभं राहून मधल्या पट्टीच्या रेषेत शूट करा.

आणि पन्नास मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात हे जमायचं कसं? सगळ्यांना रोज नाही जमणार, जमवायचा हट्टही नको. बाकी वर्ग रिले, दोरीउड्या असल्या ठिकाणांवर फिरत राहतो आणि एका ठिकाणी फोन, तिथे चौघांचा गट. एक उडी मारतो, एक शूट करतो, एक फक्त ठरलेली एकच गोष्ट बघून सांगतो, एक वाळू सारखी करतो, मग अदलाबदल. शूट करणारं आणि बघणारं मूल सुद्धा शिकत असतं, दुसऱ्याची चूक शोधता शोधता त्याला काय बघायचं ते कळतं. आजारी आहे, पाय मुरगळलाय म्हणून कडेला बसणाऱ्या मुलांना तर हे काम जरूर द्या, एरवी ती तासभर नुसती बसून राहतात.

एक तिसरा प्रकारही आहे, उपक्रमाचा फोटो-व्हिडिओ. २१ जूनला योग दिनाला, फिटनेस सप्ताहाला अहवालासाठी काढतो तो. तो लागतो, शाळेची नोंद म्हणून त्याला जागा आहे, पण शिकवण्यात तो मोजू नका. त्यात सगळी मुलं लांबून एका चौकटीत हवीत, आणि शिकवायला लागतो एका मुलाचा एक कोपर.

मुलांच्या व्हिडिओचं मात्र जपून. डेमो सगळ्यांना पाठवायचा असतो, फीडबॅक कुणालाच नाही, तो त्या मुलाचा आणि शिक्षकाचा. फसलेली उडी वर्गाच्या ग्रुपवर गेली की ती मुलगी परत मैदानावर यायला कचरते, आणि मुलींना मैदानावर आणायला आपण आधीच किती धडपडतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या खालची सगळी मुलं धरली आहेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागते असं म्हटलंय. तेव्हा जूनच्या पालकसभेतच लेखी संमती घ्या, त्यात दोन्हींसाठी वेगळ्या ओळी ठेवा, डेमोत चेहरा दिसला तर चालेल का आणि सरावाचा व्हिडिओ तासापुरता काढला तर चालेल का, कारण पुष्कळ पालक दुसऱ्याला हो म्हणतात आणि पहिल्याला नाही. शूटिंगला शक्यतो शाळेचा फोन, आणि तास संपला की फीडबॅकचे तुकडे डिलीट, ज्याची महिन्याने तुलना करायची आहे तेवढा एक ठेवायचा.