पार्श्वभूमी : फोनसाठी व्हिडिओ ‘कन्व्हर्ट’ करणे

संगणकावर सुरळीत चालणारा व्हिडिओ फोनवर उघडत नाही, किंवा चित्र दिसते पण आवाज येत नाही, असे आता क्वचित घडते; पण घडले की पहिला सल्ला अजूनही ‘कन्व्हर्ट करा’ असाच मिळतो. हा सल्ला रूढ झाला तो साधारण २००३ ते २०१२ या वर्षांत. फोनची कुवत तेव्हा खरोखरच तोकडी होती. मात्र त्याच वर्षांत चित्र नव्याने दाबून लहान करणे आणि चित्र तसेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलणे या दोन अगदी वेगळ्या कामांना एकच नाव पडले, आणि त्या गल्लतीत पुष्कळांचे घरगुती चित्रण कायमचे खराब झाले.

सुरुवातीच्या रंगीत पडद्याच्या फोनसाठी ३जीपी हा फाइलप्रकार ठरवण्यात आला होता. त्यात चित्र दाबून लहान करण्यासाठी एच.२६३ ही पद्धत किंवा एमपीईजी-४ चा सर्वांत साधा प्रकार असे आणि चित्राचा आकार बहुधा १७६ × १४४ बिंदूंचा असे. आवाजासाठी वापरला जाणारा एएमआर हा कोडेक, म्हणजे दाबण्याची व पुन्हा उलगडण्याची पद्धत, मुळात दूरध्वनीवरील बोलण्यासाठी घडवलेला होता. तो सेकंदाला केवळ ८,००० नमुने घेई व जास्तीत जास्त १२.२ किलोबिट खर्च करी, त्यामुळे त्यातून ऐकलेले गाणे फोनवरून कुणीतरी ऐकवल्यासारखे वाटे. अशा फोनसाठी फाइल नव्याने तयार करण्यावाचून इलाजच नव्हता.

खरा गुंता ‘एमपी४’ या शब्दाने केला. एमपीईजी-४ हे एका मोठ्या मानकसंचाचे नाव आहे. त्याचा भाग २ म्हणजे १९९९ च्या सुमारास आलेली चित्रसंकोचनाची पद्धत, भाग १० म्हणजे २००३ मध्ये पूर्ण झालेली एच.२६४ ही त्याहून बरीच कार्यक्षम पद्धत, आणि भाग १४ म्हणजे .एमपी४ हा फाइलप्रकार, अर्थात चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा नुसता डबा. रूपांतराच्या प्रोग्रॅममधील याद्यांत ‘एमपीईजी-४’ असे लिहिलेले असे तेव्हा बहुधा भाग २ अभिप्रेत असे, पण वाचणाऱ्याला वाटे की भाग १४ विषयी बोलणे चालले आहे. त्यात भर म्हणून त्याच सुमारास ‘एमपी४ प्लेअर’ या नावाची स्वस्त खिशातली यंत्रे बाजारात आली. एमपी३ च्या पुढची पायरी वाटावी म्हणून त्यांना ते नाव दिले गेले होते, आणि त्यांतील अनेकांना .एमपी४ फाइल मुळीच चालत नसे. त्यांना एएमव्हीसारखा स्वतंत्र प्रकार लागे आणि त्यासाठी सोबत दिलेला कन्व्हर्टर वापरावा लागे.

एकच नाव असूनही फाइल का चालत नाही, याचे उत्तर प्रोफाइलमध्ये, म्हणजे एकाच पद्धतीतील कोणकोणत्या युक्त्या वापरायच्या हे ठरवणाऱ्या पायरीत, होते. संगणकावर तेव्हा चलती असलेल्या एव्हीआय या प्रकारच्या फाइलींतील चित्र एमपीईजी-४ भाग २ चेच असे, परंतु प्रगत प्रोफाइलचे. मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांचा आधार घेणाऱ्या बी-फ्रेम त्यात असत, आणि फोनची चिप त्या उलगडू शकत नसे. एच.२६४ आल्यावर हीच कथा पुन्हा घडली. २००७ च्या पहिल्या आयफोनची मर्यादा ६४० × ४८०, सेकंदाला १.५ मेगाबिट आणि बेसलाइन हे एच.२६४ चे साधे प्रोफाइल अशी होती. बेसलाइनमध्ये बी-फ्रेम नसतात, आणि साधारण १० ते १५ टक्के जागा वाचवणारी कॅबॅक ही सांकेतन पद्धतही नसते. म्हणजे लहान पडद्याच्या, मोजक्या साठवणीच्या यंत्राला नेमके जास्त जागा खाणारे एच.२६४ द्यावे लागे. बॅटरी आणि चिपची किंमत पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता.

समजण्यासारखा नव्हता तो पुढचा निर्णय. रूपांतराच्या प्रोग्रॅमनी प्रोफाइल, बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) आणि आकार वापरणाऱ्यापुढे मांडण्याऐवजी यंत्रांच्या नावांची यादी मांडली : आपला फोन निवडा आणि बटण दाबा. सामान्य माणसाला प्रोफाइल समजावत बसणे शक्य नाही, चुकलेली फाइल देण्यापेक्षा हमखास चालणारी फाइल द्यावी, हे त्यामागचे समर्थन होते आणि त्यात तथ्यही होते. पण त्या यादीत ‘या फाइलमधील चित्र तुमच्या फोनला जसेच्या तसे चालेल, फक्त डबा बदलायला हवा’ हे सांगणारी ओळ नव्हती. २००२ पासून प्रचारात आलेल्या एमकेव्ही या डब्यात पुढे बहुतेक वेळा एच.२६४ चित्रच असे. ते उचलून .एमपी४ मध्ये ठेवायला मिनिटभर पुरे, आणि त्यात गुणवत्तेचा कणही जात नाही. एफएफएमपेग या २००० सालापासूनच्या मुक्त साधनात त्यासाठी ‘कॉपी’ हा पर्याय होता, पण तो आज्ञा टंकून वापरायचा असल्याने थोड्यांनाच ठाऊक होता. बाकीचे लोक रात्रभर संगणक चालू ठेवून तेच चित्र पुन्हा दाबून काढत. दर वेळच्या पुनर्संकोचनात काही तपशील कायमचा जातो. जागा वाचवण्यासाठी मूळ फाइल पुसून टाकणाऱ्यांकडे आज लग्नाचे किंवा बाळाच्या पहिल्या पावलांचे ३२० × २४० मधील चित्रणच तेवढे उरले आहे, आणि कोणताही प्रोग्रॅम गेलेला तपशील परत आणू शकत नाही.

अनेकदा तर अडचण चित्राची नसेच. चित्रपटांच्या फाइलींत आढळणाऱ्या एसी-३ किंवा डीटीएस या पद्धतींतील आवाज उलगडण्यासाठी परवाना लागे, आणि काही लोकप्रिय प्लेअर ॲपनी याच कारणाने त्यांचा आधार काढून घेतला. अशा फाइलचा आवाज तेवढा एएसी या फोनना चालणाऱ्या पद्धतीत बदलला आणि चित्र तसेच ठेवले तर काम भागते. तरीही ‘फोनवर आवाज येत नाही’ म्हणून संपूर्ण चित्रपट नव्याने दाबला जाई.

फोनच्या चिप मात्र वेगाने सुधारल्या. २०१० च्या आयफोन ४ मध्ये बेसलाइनच्या वरचे मेन प्रोफाइल आणि ७२०पी (१२८० × ७२० बिंदू) चालू लागले, आणि पुढच्या दोन वर्षांत १०८०पी व त्याहून वरचे हाय प्रोफाइलही वरच्या किमतीच्या फोनमध्ये आले. यंत्रांच्या नावांच्या याद्या त्या वेगाने बदलल्या नाहीत. २०१३ मध्ये मान्य झालेल्या एचईव्हीसी या एच.२६४ च्या पुढच्या पद्धतीने तीच गुणवत्ता जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये देऊ केली, पण त्याच्या पेटंटचे परवाने एकाहून अधिक गटांत विखुरले गेल्याने त्याचा प्रसार रेंगाळला. एव्ही१ या शुल्कमुक्त पद्धतीचे तपशील २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला हार्डवेअरचा आधार मिळायला आणखी काही वर्षे लागली.

२०१७ पासून काही फोन स्वतःच एचईव्हीसीमध्ये चित्रण करू लागले आणि प्रवाह उलटा फिरला. आता फोनमधील व्हिडिओ जुन्या संगणकावर किंवा टीव्हीवर चालत नाही म्हणून बदलावा लागतो. तिथे चित्र खरोखरच नव्याने दाबावे लागते. तेच चित्रण एच.२६४ मध्ये असेल तर ॲपलच्या .एमओव्हीचा डबा .एमपी४ करणे पुरते, कारण .एमपी४ हा डबा त्याच्याच रचनेवरून बेतलेला आहे. दोन्ही वेळा ॲपमधील बटणावर शब्द एकच असतो, ‘कन्व्हर्ट’, आणि दाबल्यावर या दोहोंपैकी कोणते काम होणार हे बहुतेक ॲप आजही सांगत नाहीत.