फाइलनाम व एक्स्टेन्शन

संगणकावरील फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारा, फाइलचा प्रकार सुचवणारा भाग म्हणजे एक्स्टेन्शन. प्रोग्रॅममध्ये तो वेगळा काढावा, बदलावा किंवा तपासावा लागतो.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सीटीएसएस या संगणक प्रणालीत (पहिले प्रात्यक्षिक १९६१) प्रत्येक फाइलला दोन नावे असत व दुसरे बहुधा प्रकारदर्शक असे. म्हणून काही जण उगम तेथे शोधतात. मात्र ती दोन स्वतंत्र नावे होती. टिंब आणि पुढे तीन अक्षरे ही घडण डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-६ (१९६४) व पीडीपी-१० यंत्रांच्या प्रणालींतून रूढ झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तीन या आकड्याचा उलगडाही तेथेच होतो. ३६ बिटांच्या शब्दात (यंत्र एका वेळी हाताळते तो बिटांचा गट) ६ बिटांची सहा अक्षरे मावत, ते नाव. अर्ध्या शब्दात तीन, ते एक्स्टेन्शन. १६ बिटांच्या पीडीपी-११ वर वर्णसंच ४० चिन्हांपुरता ठेवल्याने एका शब्दात पुन्हा तीनच अक्षरे बसली (४० चा घन ६४,०००, मर्यादा ६५,५३६). गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नावाला आठ अक्षरे मिळाली, एक्स्टेन्शन तीनांचेच राहिले. एमएस-डॉसने (१९८१) तेच उचलले. डॉसच्या डिरेक्टरी नोंदीत या अकरा अक्षरांना ११ बाइट असत. टिंब साठवलेच जात नसे. विंडोज ९५ पासून लांब नावे आली.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला (तिच्या गाभ्याला) एक्स्टेन्शन ठाऊकच नाही. तेथे टिंब हे इतरांसारखेच एक चिन्ह असून टिंबाने सुरू होणारी नावे यादीत न दाखवणे हा केवळ संकेत आहे. त्यामुळे ‘.बॅशआरसी’सारख्या नावाला एक्स्टेन्शन आहे का, यावर प्रोग्रॅमिंगच्या भाषांत व साधनांत फाटे फुटतात. पायथॉन, नोड आणि सी++१७ यांच्या मते ते नाही. गो, डॉटनेट व पीएचपी संपूर्ण नावालाच एक्स्टेन्शन समजतात. पहिला पक्ष वापरकर्त्याच्या अपेक्षेला जवळचा आहे. ‘टार.जीझेड’सारख्या दुहेरी शेपटातून बहुतेक फलने (तयार फंक्शन्स) शेवटचा तुकडाच देतात. पायथॉनच्या पाथलिब या मॉड्यूलमध्ये सर्व तुकडे मिळवण्याची सोय आहे. स्वतः टिंबावर नाव तोडण्यापेक्षा ही तयार फलने बरी, कारण टिंब फोल्डरच्या नावातही असू शकते.

देवनागरी नावांत आणखी दोन बाबी येतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हे. दुसरी बाब ‘वाऱ्यावर’, ‘दौऱ्यात’ अशा शब्दांतील ‘ऱ’ची. युनिकोडमध्ये तो एका चिन्हाने किंवा र व नुक्ता (अक्षराखालील टिंब) अशा जोडीने लिहिता येतो. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस प्रणालीत विघटित (जोडीचे) रूप साठवले जाई. त्यामुळे दिसायला एकच असलेली दोन नावे तुलनेत वेगळी ठरत. तुलनेपूर्वी दोन्हींचे सामान्यीकरण, म्हणजे दोन्ही एकाच रूपात आणणे, हा उपाय.

एक्स्टेन्शन आशयाची हमी देत नाही. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ विषाणूची फाइल ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ अशी संपत होती (पहिला तुकडा साध्या मजकुराचा, दुसरा चालवता येणाऱ्या स्क्रिप्टचा) आणि विंडोज शेवटचा भाग लपवत असल्याने ती साधा मजकूर भासे.