एका गवंड्याची पाच कामं: सीमाभागातल्या बांधकाम-प्रशिक्षण संस्थांचे कर्मचारी कुठून आले

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तरुण मुलांना बांधकाम शिकवणाऱ्या सेवाभावी संस्थेत साधारणपणे पाच तऱ्हेची माणसं कामाला असतात. गावोगाव फिरून मुलं जमवणारा समन्वयक. थापी हातात धरून शिकवणारा मिस्त्री. नकाशा आणि मोजमाप शिकवणारा डिप्लोमा झालेला सिव्हिलवाला. मुलगा दोन दिवस आला नाही तर त्याच्या दारात जाऊन उभी राहणारी समुपदेशक. आणि करार, विद्यावेतन, बँक, पोर्टल सांभाळणारा कागदपत्रांचा माणूस. पूर्वी ही पाचही कामं एकटा माणूस करायचा, टोळीचा मुख्य गवंडी. त्याची कामं वेगवेगळ्या खुर्च्यांवर कशी गेली, हे समजलं की या संस्थांमध्ये भांडणं कशावरून होतात आणि माणसं कुठे कमी पडतात, तेही समजतं.

या भागात लिहिताना गवंडी आणि बोलताना गौंडी. कानडीतही गौंडीच. कामाच्या जागेवर भाषा मिसळलेलीच असते: वाळूला उसुकु, विटेला इट्टंगी, सळईला मात्र सगळेच सळई किंवा स्टील म्हणतात. दगड फोडणं आणि मातीकाम वडार समाजाकडे, लाकूडकाम सुतारांकडे. खानापूरची चिकणमाती चांगली, म्हणून कौलं, विटा आणि मातीची भांडी तिकडची. खादी ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे. खानापूरच्या पश्चिमेला जांभा, पूर्वेला काळा दगड. दगड बदलला की हत्यार बदलतं आणि जोडायची पद्धतही बदलते. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत पडून टणक होतो. तो ताजा ताजा भिंतीत घातला तर कडा झिजतात आणि सांधे उघडे पडतात. हे कुठल्याही पुस्तकाआधी टोळीत शिकवलं जायचं.

टोळीतली चढण ठरलेली होती. आधी बिगारी: माल कालवणं, घमेलं उचलणं. मग हेल्पर: विटा भिजवणं, हातात देणं, विटांमधल्या दरजा म्हणजे सांधे भरणं. मग अर्धा मिस्त्री, ज्याला दोन कोपऱ्यांच्या मधली भिंत मिळते. कोपरा शेवटी. कोपरा मिस्त्रीच उचलायचा, उभी रेघ ओळंब्याने आणि काटकोन गुण्याने पाहून. दोन कोपऱ्यांमध्ये सूत ताणायचं आणि मधल्या विटा पोराने लावायच्या. शिकवण्याची ही फार हुशार रचना आहे. चूक झाली तर सूत लगेच दाखवतं आणि भिंतही बिघडत नाही, कारण दोन्ही टोकं जाणत्या हाताची असतात. नवा पोरगा यात एक चूक हमखास करतो: वीट सुताला टेकवतो. एक वीट टेकली की सूत बाहेर ढकललं जातं, पुढची वीट त्या ढकललेल्या सुताला लागते आणि सहा-सात विटांनंतर भिंतीला पोट सुटतं. म्हणून वीट आणि सूत यांच्यात नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. आजही चांगला मिस्त्री-शिक्षक पहिल्या आठवड्यात याच फटीवर सगळा वेळ घालवतो, आणि आमच्या मते ते बरोबर आहे.

या टोळीत दोन मोठे दोष होते. मुलगा यायचा तो मिस्त्रीच्या नात्यातला किंवा गल्लीतला. बाहेरच्याला वाट नव्हती. आणि बाई जन्मभर बिगारीच राहायची. दिवसभर घमेली वाहिलेल्या बाईला थापी धरायला मिळत नसे. गवंडीकामाच्या वर्गात मुलींना घ्यायला संस्थांनी सुरुवात केली ती याच जागी, आणि अजूनही समन्वयकाची सगळ्यात अवघड घरभेट मुलीच्या घरची असते.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर शिकाऊ उमेदवाराची पहिली नोंद १८५० च्या इंग्रजी अमलातल्या कायद्यात सापडते. तो अनाथ आणि गरीब मुलांना धंद्याला बांधून देण्यासाठी होता. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय वाढल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला आणि १ मार्च १९६२ पासून लागू झाला. दरम्यान १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला होता. त्यामुळे इथल्या मराठी मुलांच्या वाट्याला नवी योजना आली ती नव्या कचेरीच्या भाषेत. अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत, घरात मराठी, कामावर तिन्ही. संस्थेत कागदपत्रांचा वेगळा माणूस का लागतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर कायद्याच्या घडणीत आहे. १९६१ चा कायदा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. कारखान्याला पत्ता असतो, हजेरीपट असतो, यंत्र वर्षभर एकाच जागी असतं. बांधकामाची जागा सहा-आठ महिन्यांत संपते. आठ माणसांचा ठेकेदार कायद्याच्या सक्तीत येतच नाही: २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असतील तिथेच शिकाऊ घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर मर्जीवर. आपल्याकडची बहुतेक घरं बांधतात ते ठेकेदार या मर्जीच्या गटातले. शिवाय कायदा म्हणतो की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकावर. लहान ठेकेदार हे ऐकतो आणि मुलाला करार न करता बिगारी म्हणून ठेवतो. मुलगा शिकतो, पण त्याच्या हातात कागद येत नाही.

१९७० च्या दशकात हिडकल आणि नवीलुतीर्थ ही धरणं उभी राहिली, कालवे निघाले, आणि सिमेंट-काँक्रीट गावापर्यंत पोचलं. दगडमातीची भिंत बांधणारा मिस्त्री स्लॅब टाकू लागला. इथे जुन्या शिकवणीत भोक पडलं. भिंतीची चूक डोळ्यांना दिसते, काँक्रीटची दिसत नाही. सळई किती आत आहे, सळयांभोवतीच्या रिंगांमध्ये अंतर किती, पाणी किती घातलं, हे सगळं गिलाव्याखाली झाकलं जातं आणि दहा-पंधरा वर्षांनी कॉलमला चिरा पडल्या की कळतं. जो अनुभवाने शिकला त्याला ही चूक अनुभवाने कळायला फार उशीर होतो. म्हणून मिस्त्रीच्या शेजारी सिव्हिलवाला बसवावा लागला. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात झालं. इंजिनिअर घडवणारं शहर म्हणून नाव झालं. त्याच शहरात भिंत बांधणाऱ्याला बसून शिकायला बाक मिळणं मात्र कठीणच राहिलं.

१९८५ च्या सुमारास केरळात कोल्लमला पहिलं निर्मिती केंद्र निघालं. कमी खर्चाचं घर बांधायचं आणि ते बांधतानाच कारागीर तयार करायचे, ही कल्पना. पुढे घरबांधणीला पैसा पुरवणाऱ्या हुडको या केंद्र सरकारच्या कंपनीच्या मदतीने ती देशभर गेली, कर्नाटकात जिल्ह्याजिल्ह्यात निर्मिती केंद्रं झाली. शिकवायची जागा म्हणजे चालू बांधकाम, हा धडा संस्थांनी तिथून घेतला.

समुपदेशकाची खुर्ची आली ती मात्र फार लांबून. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेम भागात १९७८ साली डोरोथी स्टोनमन यांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन पडक्या इमारती दुरुस्त करायला सुरुवात केली. १९९० साली त्यातून यूथबिल्ड ही राष्ट्रीय संस्था झाली आणि १९९२ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तिला जागा मिळाली. शाळा सुटलेली १६ ते २४ वयाची मुलं, काही वेळ वर्गात आणि काही वेळ बांधकामावर, आणि मुलाच्या घरच्या अडचणीकडे लक्ष देणारा माणूस शिक्षकाच्या बरोबरीने पगारी. आपल्याकडे हे पद अजूनही निधी कमी पडला की पहिलं कापलं जातं. ते चूक आहे. मुलं थापी जमत नाही म्हणून सोडत नाहीत. बापाचं कर्ज, पावसाळ्यातली लावणी, बहिणीचं लग्न, गोव्यात जास्त हजेरी म्हणजे रोजंदारी मिळते असं सांगणारा मित्र, या कारणांनी सोडतात.

हजेरीचा हिशेबही सोडणाऱ्यांच्या बाजूने असतो. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्या शिकाऊला महिना किमान ५,००० रुपये आणि दहावी पासला ६,००० रुपये ठरले. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. बिगारी म्हणून रोज घमेलं उचललं तर महिन्याला याहून जास्त सुटतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात गळती लागते. पैसे एक तारखेला जमा झाले नाहीत तर ती दुप्पट होते. बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं आणि दहावीच्या मार्क्सकार्डवरचं नाव व आधारवरचं नाव जुळत नसणं, ही दोन कारणं पैसे अडकवतात. आडनाव मराठी, लिहिणारा कारकून कानडी, त्यावरून इंग्रजी: एकाच मुलाचं नाव तीन तऱ्हेने उतरलेलं असतं. म्हणून नाव नोंदवायच्या दिवशीच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. तुकडी सुरू झाल्यावर हे करायला गेलं की दीड-दोन महिने जातात.

वय हा दुसरा अडसर. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामगार कल्याण मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयातल्यांपुरती ठेवली, तीही मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्यांपुरती. दहावी नापास झालेला मुलगा सोळा वर्षांचा असतो. १८ पुरी होईपर्यंत त्याला परांचीवर चढवायचं नाही, पायाच्या खोल खड्ड्यात उतरवायचं नाही. शेडमध्ये मापं, नकाशा, सळई वाकवणं, नमुन्याची भिंत एवढंच. ही मधली दोन वर्षं सांभाळणं समुपदेशकाचं काम. ती सांभाळली नाहीत तर मुलगा वयाचा खोटा कागद करून दुसरीकडे परांचीवर चढतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुराने या सगळ्याची परीक्षा घेतली. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा एकाच वेळी चढल्या आणि मातीची घरं बसली. पूर्ण पडलेल्या घराला राज्य सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले, पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे. गावंच्या गावं एकदम बांधायला निघाली की मिस्त्री अपुरे पडतात आणि हेल्परच्या हातात थापी येते. टप्पा दाखवून पुढचा हप्ता उचलायचा म्हणून कॉलम घाईने भरला जातो. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर नसतो, सळईने नीट ठोसलं जात नाही, आणि फळ्या काढल्यावर कॉलमच्या पायाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. ती सिमेंट फासून झाकली की घरमालकाचं समाधान होतं, कॉलमची ताकद परत येत नाही.

म्हणून मिस्त्री आणि सिव्हिलवाला एकत्र शिकवतात तो धडा जवळून पाहण्यासारखा आहे. ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ४० उंच अशी लाकडी पेटी करायची. तिच्यात बरोबर ३५ लिटर मावतं, म्हणजे ५० किलोच्या एका सिमेंट पोत्याएवढं. स्लॅबच्या १:१½:३ (सिमेंट, वाळू, खडी) मालाला एका पोत्यामागे वाळूची दीड पेटी, खडीच्या तीन. पाणी साधारण २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. घमेल्याने मोजलं तर घोटाळा होतो, कारण एकाचं घमेलं काठोकाठ असतं, दुसऱ्याचं शिगोशीग. दमट वाळू फुगते. थोडी ओली वाळू पेटीत भरली तर तिचं आकारमान पाव भागापर्यंत जास्त दिसू शकतं, म्हणजे वाळू प्रत्यक्षात कमी पडते. हे पटवायला काचेची बरणी पुरते: दमट वाळू सैल भरायची, पातळीची खूण करायची, वरून पाणी ओतून ढवळायचं. वाळू खाली बसते आणि खूण वर राहते. मिस्त्रीने वीस वर्षांत जे हाताने ओळखलं, ते मुलाला पाच मिनिटांत डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०. सळईखाली दगडाची कपची सरकवायची सवय मोडून मालाचे चौकोनी तुकडे आधीच पाडून ठेवायला लावायचे. आणि पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किंवा अथणी-रायबागच्या उन्हात किमान दहा.

आता अडचण अशी की हे शिकवणाऱ्या मिस्त्रीला कागदावर शिक्षक म्हणता येत नाही. सरकारी योजनेतल्या प्रशिक्षकाला डिप्लोमा, आयटीआय किंवा प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. मिस्त्री सातवी-आठवी शिकलेला. मग नोंदीत नाव सिव्हिलवाल्याचं आणि शिकवतो मिस्त्री. पगार नोंदीप्रमाणे, म्हणजे मिस्त्रीचा कमी. बाहेर एका बंगल्याच्या कामात त्याला त्याहून जास्त मिळतात आणि तो जातो, बरेचदा तुकडी अर्ध्यावर असताना. काही संस्था आता मिस्त्रीची पूर्वज्ञानाची, म्हणजे कामातून आधीच आलेल्या कौशल्याची, परीक्षा घेऊन त्याला आधी प्रमाणपत्र मिळवून देतात आणि दोघांचा पगार सारखा ठेवतात. तुकडी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू करतात आणि करार मे अखेरपर्यंतचा करतात, म्हणजे पश्चिमेकडचं काम जूनमध्ये बंद पडायच्या आत मुलाने एक घर पायापासून स्लॅबपर्यंत पाहिलेलं असतं. जून ते सप्टेंबर मिस्त्रीला बाहेर काम कमी, तेव्हा त्याला शेडमध्ये पुढच्या तुकडीचे नमुने करायला ठेवायचं आणि पगार चालू ठेवायचा. चार महिन्यांचा हा पगार कुठल्याही योजनेच्या तक्त्यात बसत नाही. तो संस्थेला देणग्यांतून उभा करावा लागतो.