झिरोडर्मा पिगमेंटोजम: कातडी आणि डोळ्यांच्या एका दुर्मीळ आजाराची पार्श्वभूमी

मूल दीड-दोन वर्षांचे होते आणि नाकाच्या शेंड्यावर, गालांवर, ओठांवर तिळासारखे बारीक काळपट ठिपके उठू लागतात. आपल्या बेळगाव सीमाभागात, खानापूर, चिकोडी किंवा निपाणीकडच्या खेड्यांत घरची वडीलधारी माणसे ‘उन्हानं रापलंय’ एवढे म्हणून तो विषय सोडून देतात. पुढे ठिपक्यांच्या मध्ये पांढुरके चट्टे दिसू लागले, की कोडाची शंका येते आणि कोणी दबक्या आवाजात महारोगाचेही नाव घेते. मूल उजेडात डोळे मिटून घेते, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते, म्हणून डोळे आल्याचे थेंब घातले जातात. कातडी आणि डोळे ही दोन दुखणी एकाच मुळातून आली आहेत, हे लक्षात येईपर्यंत बहुतेकदा काही वर्षे गेलेली असतात आणि तेवढ्या काळात मुलाच्या कातडीने भरपूर ऊन खाल्लेले असते. या आजाराचे नाव झिरोडर्मा पिगमेंटोजम, म्हणजे शब्दशः कोरडी, डागाळलेली त्वचा.

हे नाव व्हिएन्नाचे आहे. तेथील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८७० च्या सुमारास आपले गुरू आणि सासरे फर्डिनांड हेब्रा यांच्यासोबतच्या ग्रंथात या कातडीचे वर्णन केले आणि १८८२ मध्ये त्याला ‘पिगमेंटोजम’ हा शब्द जोडला. कापोसी यांचे मूळ आडनाव कोन. हंगेरीतील कापोश्वार या आपल्या जन्मगावावरून त्यांनी नवे आडनाव घेतले होते. निपाणीकर, खानापूरकर अशी नावे लावणाऱ्या आपल्या भागाला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कापोसींनी जे पाहिले ते अचूक होते: लहान वयातील डाग, कातडीचा कोरडेपणा आणि मग त्याच जागी उठणाऱ्या गाठी. १८८३ मध्ये अल्बर्ट नायसर यांनी दोन भावंडांमध्ये कातडीबरोबर मज्जासंस्थाही खालावत गेल्याचे नोंदवले. आजाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये कानाने कमी ऐकू येणे, चालताना तोल जाणे, बुद्धी मंदावत जाणे असे होते, हे आज आपण जाणतो. मात्र असे का होते, याचे उत्तर त्यानंतरही ऐंशीहून अधिक वर्षे कोणाकडे नव्हते.

ते उत्तर आले जिवाणूंच्या अभ्यासातून. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि पेशीला तिथला मजकूर वाचता येत नाही. १९६४ मध्ये असे दिसून आले, की जिवाणू हा बिघडलेला तुकडा कापून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून पाहून तिथे नवा तुकडा भरतात. सॅन फ्रान्सिस्को येथे हाच विषय हाताळणाऱ्या जेम्स क्लीव्हर यांनी वर्तमानपत्रातील एका लेखात या आजाराविषयी वाचले, रुग्णांच्या कातडीतील पेशी मिळवल्या आणि त्यांच्यावर अतिनील किरण सोडून पाहिले. निरोगी माणसाच्या पेशी दुरुस्तीला लागल्या. रुग्णाच्या पेशींना मात्र ती दुरुस्ती जमत नव्हती. १९६८ च्या त्या निबंधाने माणसाचा एक आजार प्रथमच डीएनएच्या दुरुस्तीतील दोषाशी जोडला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील हा खरा वळणबिंदू आहे, कारण त्या दिवसापासून आई-बापांना ‘तुमच्या हातून काही चुकले नाही’ असे पुराव्यानिशी सांगता येऊ लागले.

पुढे १९७२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळून पाहिल्या, तेव्हा काही जोड्यांमध्ये एकीची उणीव दुसरीने भरून काढली. याचा अर्थ दोष एकच नव्हता. आज ए पासून जी पर्यंत सात गट आणि आठवा ‘व्हेरियंट’ नावाचा प्रकार मानला जातो; त्या आठव्या प्रकारामागचे जनुक १९९९ मध्ये सापडले. दुरुस्तीच्या या यंत्रणेचे बारकावे उलगडणारे अझीझ संकार हे २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांपैकी एक होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. हा आजार होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही जनुकाची बिघडलेली प्रत यावी लागते. एकच प्रत असलेला माणूस पूर्ण निरोगी असतो आणि त्याला आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पश्चिम युरोप आणि अमेरिकेत हा आजार दहा लाखांत एक-दोघांना होतो, जपानमध्ये मात्र साधारण २२ हजारांत एकाला. नात्यातील लग्ने जिथे जास्त, तिथे अशा आजारांची शक्यता वाढते. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या नातेव्यवस्थांच्या सांध्यावर बसलेला दाखवला आहे. बेळगावचा सीमाभाग तर त्या सांध्याच्याही सांध्यावर आहे. मराठी घरांत मामाची मुलगी करण्याची चाल, शेजारच्या कन्नड घरांत मामा-भाचीचेही लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातील नात्यातल्या लग्नांचे प्रमाण सुमारे २७ टक्के निघाले, तर देशाचे ११ टक्के.

हिशेब असा आहे. आजोबांकडे बिघडलेली एक प्रत असेल, तर ती नातू आणि त्याची मामेबहीण या दोघांकडेही उतरण्याची शक्यता सोळात एक असते; मामा आणि भाचीच्या बाबतीत ती आठात एक होते. दोघांकडेही ती प्रत असली, की प्रत्येक गरोदरपणात चारांत एक मूल आजारी होण्याची शक्यता असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढचे सुटले, असे होत नाही. प्रत्येक वेळी तीच चारांत एक. नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले धडधाकट असतात, हेही तितकेच खरे. म्हणूनच या चालीला नावे ठेवण्यापेक्षा, ज्या घरात असे एक मूल आहे त्या घराच्या भाऊबंदांपर्यंत ही माहिती सोयरीक ठरण्याआधी पोहोचणे मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट उन्हाची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले तरी अतिनील किरण ढगांतून बऱ्यापैकी खाली येतातच, आणि खिडकीची साधी काच त्यांतला एक भाग अडवते, दुसरा आत सोडते. सावळ्या रंगाचे जे संरक्षण एरवी आपल्याला लाभते, ते या मुलांना अपुरे पडते. वीस वर्षांखालील रुग्णांमध्ये त्वचेच्या साध्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहा हजार पट असतो आणि पहिली गाठ सरासरी नवव्या वर्षाच्या आसपास दिसते. आपल्याकडे त्वचेचा कर्करोगच मुळात कमी आढळतो, त्यामुळे दवाखान्यातही त्याची शंका उशिरा घेतली जाते. शिवाय जवळपास निम्म्या मुलांची कातडी उन्हात भाजून निघत नाही, नुसते ठिपके येतात. मग आईने उन्हाशी संबंध जोडावा तरी कसा?

डोळ्यांचे दुखणे पुढच्या भागापुरते असते, कारण अतिनील किरण कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक थर, आणि भिंग यांतच शोषले जातात आणि मागचा पडदा सहसा बचावतो. पापण्या आक्रसतात, बाहेर वळतात किंवा झिजतात. डोळा नीट झाकला जात नाही, अश्रूंचा थर टिकत नाही, वाळू गेल्यासारखे खुपते आणि कॉर्निया धुरकट होत जातो. बुबुळाच्या कडेला आणि पापणीवर गाठीही होतात. कृत्रिम अश्रूंचे थेंब, कडेनेही झाकणारा चष्मा आणि दर काही महिन्यांनी तपासणी ही त्यावरची नेहमीची काळजी. दृष्टी फार गेली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अंधत्व आणि अल्पदृष्टी आहेत, याचा आधार कुटुंबांनी जरूर घ्यावा.

मुळावरचा इलाज अजून नाही. १९८८ मध्ये पाच रुग्णांना आयसोट्रेटिनॉइन हे औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर नव्या गाठी ६३ टक्क्यांनी कमी झाल्या, पण औषध थांबताच त्या पुन्हा वाढल्या आणि दुष्परिणामही बरेच झाले. २००१ मध्ये दुरुस्ती करणारे एक जिवाणूजन्य विकर (एन्झाइम) मलमातून कातडीत पोहोचवण्याचा प्रयोग आशादायक ठरला, तरी ते मलम सर्वसाधारण वापरात आले नाही. त्यामुळे गाठ दिसताच काढणे, डाग गोठवून किंवा मलमाने घालवणे आणि ऊन पूर्ण टाळणे यावरच आजही भिस्त आहे. ऊन टाळले, की ड जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे: धुरातील काही विषारी द्रव्ये डीएनएची जी हानी करतात तीही याच यंत्रणेने दुरुस्त होते, म्हणून या मुलांसमोर घरात विडी ओढली जाऊ नये.

खानापूर तालुक्यातील एका घरी मी गेलो, तेव्हा दुपारी सोप्याचे दार लोटलेले आणि खिडकीला गोधडी टांगलेली होती. मुलांची आई नवऱ्याच्या जुन्या जीन पँटचे कापड उजेडापुढे धरून पाहत होती. विणीतून उजेड दिसला नाही तेव्हाच तिने त्याची मानेवर पडणारी टोपी शिवायला घेतली. थोरला मुलगा बारा वर्षांचा, नाकावर टाक्यांच्या तीन खुणा. त्याच्या शाळेत दहा वाजताची प्रार्थना मैदानात होत असे आणि वर्षभर त्याला रांगेत उभे केले गेले, कारण दवाखान्याचा कागद कोणी नीट वाचलाच नव्हता. घरच्यांना मराठी, कागद इंग्रजीत आणि शाळेतला अर्ज कन्नडमध्ये. शेवटी गावातल्या आशाताईंनी मुख्याध्यापकांसमोर बसून तो कागद मराठीत वाचून दाखवला, तेव्हा त्याची जागा खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी झाली.

धाकटी मुलगी चार वर्षांची आहे. थोरल्याचे निदान झालेले असल्याने तिची तपासणी जन्मानंतर लगेच झाली आणि तिलाही तोच आजार निघाला. तेव्हापासून ती बाहेर पडते ती सूर्य मावळल्यावर. तिच्या नाकावर मोजून पाच ठिपके आहेत. त्याच वयात भावाचा सगळा चेहरा ठिपक्यांनी भरला होता.